उभं विमान कसं वाचावं

धरणगावहून गोव्याला स्वतःच्या गाडीनं जायचं तर एरंडोलला महामार्गाला लागायचं, पारोळा मागे टाकून धुळं गाठायचं आणि तिथून मुंबई-आग्रा रस्ता धरायचा. मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत करत नाशिकच्या अलीकडे ओझर येतं. पुढे संगमनेर, पुणे, कोल्हापूर आणि आंबोलीचा घाट उतरून गोवा. या लांबलचक वाटेवर देवदर्शनं होतात, द्राक्षं होतात, मिसळ होते. याच वाटेवर भारतीय लढाऊ विमानांच्या इतिहासातली दोन महत्त्वाची ठिकाणंही आहेत, पण ती क्वचितच कुणाच्या यादीत असतात. एक ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना. संरक्षण खात्याचं आवार, त्यामुळे रस्त्यानं जाणाऱ्याला तो नावापुरताच ठाऊक. दुसरं दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर १९९८ साली उघडलेलं नौदलाचं हवाई संग्रहालय. किनाऱ्याकडे निघालेली मंडळी इथं अर्धा तास थांबतात, मुलांना विमानासमोर उभं करून फोटो काढतात आणि निघतात. तो अर्धा तास वाया जातो असं माझं म्हणणं आहे, आणि त्याचं कारण वेळ कमी पडतो हे नव्हे. आपण तिथं पराक्रम शोधतो: किती वेगानं उडायचं, कुणाला पाडलं, किती बॉम्ब वाहायचं. उभ्या विमानात यातलं काहीच दिसत नाही. दिसतात त्या अडचणी. ते यंत्र घडवणाऱ्यांना काय परवडत नव्हतं, कुठं जागा कमी पडत होती, कशाची भीती होती, हे सगळं त्याच्या आकारात कोरलेलं असतं, आणि ते वाचायला विमान थांबलेलंच असावं लागतं.

सुरुवात सी हॉकपासून करावी. ब्रिटनच्या हॉकर कंपनीनं आखलेलं हे एका माणसाचं जेट. साधारण जेट विमानात इंजिनाचा झोत शेपटीतून बाहेर पडतो. सी हॉकच्या मागे जाऊन पाहिलं तर तिथं भोकच नाही. झोताचे दोन फाटे करून तो पंखांच्या मुळाशी, दोन्ही कुशींतून बाहेर काढलेला आहे. हा खटाटोप कशासाठी? झोताची नळी शेपटीपर्यंत नेली की धडाची मागची सगळी पोकळी तीच खाऊन टाकते. ती आखूड केली की तिथं इंधनाची टाकी बसवता येते. आणि नौदलाच्या वैमानिकाला इंधनाची चिंता इतरांहून जास्त, कारण तो जिथून उडाला ती जागा तो परत येईपर्यंत समुद्रात दुसरीकडे सरकलेली असते. ती हुडकायची, वारा पाहायचा, पहिल्या खेपेला उतरणं साधलं नाही तर पुन्हा घिरटी घालायची. हे सारं त्या नसलेल्या भोकात आहे. फलकावर मात्र वेग, लांबी आणि वजन एवढंच लिहिलेलं सापडतं.

मग पंख पाहावेत. ते वरच्या बाजूला घडी होतात, कारण विमानवाहू नौकेच्या पोटातल्या कोठारात आणि तिथं नेणाऱ्या उद्‌वाहकावर जागा मोजकी. शेपटीखाली एक आकडा लोंबतो. आपली पहिली ‘विक्रांत’ जेमतेम २१३ मीटर लांबीची होती. जमिनीवर लष्करी जेटला अडीच-तीन किलोमीटरची धावपट्टी लागते. म्हणजे नौकेवर विमान स्वतःच्या बळावर उडू शकत नाही आणि स्वतःच्या ब्रेकनं थांबूही शकत नाही. उडवण्यासाठी वाफेवर चालणारं कॅटापल्ट असे, कणसांवरची पाखरं हाकलायच्या गोफणीसारखं, फक्त दगडाच्या जागी काही टनांचं विमान. थांबवण्यासाठी डेकवर आडव्या ताणलेल्या तारा आणि त्यांत अडकणारा हा आकडा. चाकं डेकला टेकली की वैमानिक इंजिन मंद करत नाही, उलट पूर्ण जोर लावतो. आकडा एकाही तारेत अडकला नाही तर पुढच्या क्षणी पुन्हा उडावंच लागतं. १८ मे १९६१ रोजी पुढे नौदलप्रमुख झालेले आर. एच. ताहिलियानी यांनी ‘विक्रांत’वर पहिलं जेट उतरवलं ते याच पद्धतीनं. दहा वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ रोजी, याच जातीच्या विमानांनी बंगालच्या उपसागरातून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. ही गोष्ट सांगताना एक तपशील सहसा गाळला जातो. त्या वेळी ‘विक्रांत’च्या बॉयलरला तडे गेलेले होते आणि नौका पूर्ण वेगानं चालवता येत नव्हती. कॅटापल्टला वाफ तिथूनच मिळणार, आणि विमान उडवायला डेकवर लागणारा समोरचा वाराही नौकेच्या वेगातूनच मिळणार. आखणाऱ्यांना हा हिशेब रोज मांडावा लागला असणार. मला तरी चितगावच्या धुरापेक्षा हा हिशेब जास्त थरारक वाटतो.

शेजारची आलिझे तीन माणसांची, पंख्याची आणि दिसायला बोजड. तिचं काम पाणबुड्या शोधायचं, म्हणून वेग सोडून तिनं तासन्‌तास टिकून राहणं पत्करलं. पोटाखाली उतरवता येणारा रडारचा घुमट आणि पंखांना लागून फुगलेल्या डब्या यांवरून तिचं काम ओळखता येतं. सुपर कॉन्स्टेलेशन हे मुळात प्रवासी विमान. एअर इंडियाच्या सेवेतून ते वायुसेनेकडे आलं आणि १९७६ मध्ये नौदलाकडे, समुद्रावर नजर ठेवायला. त्याला तीन शेपट्या आहेत. लोकांना ती ऐट वाटते. खरं तर एवढ्या मोठ्या विमानाला एकच उभी शेपूट दिली असती तर ती त्या काळच्या हँगरच्या दारात मावली नसती. म्हणून उंची तिघींत वाटून दिली. हँगर पाडून नवं बांधण्यापेक्षा विमानाची शेपूट बदलणं स्वस्त पडतं, हे व्यवहारज्ञान कुठल्याही काळात खरं.

सी हॅरियरपाशी मात्र पुन्हा रेंगाळावं, कारण आखूड डेकचा तोच प्रश्न तिनं वेगळ्या बाजूनं सोडवला. तिच्या इंजिनाला चार तोंडं आहेत आणि ती फिरतात: मागे वळली की विमान पुढे जातं, खाली वळली की जागच्या जागी उचललं जातं. आकडा नको, तारा नकोत, गोफणही नको. १९८३ मध्ये ही विमानं आपल्याकडे आली आणि ‘विक्रांत’चं कॅटापल्ट काढून तिच्या नाकाशी वर वळलेला उतार बसवला गेला. विमान सरळ वर उठू शकतं तर उतार कशाला, हा प्रश्न तिथं उभं राहून कुणीही विचारावा. उत्तर असं की सरळ वर उठायला सगळा भार एकट्या इंजिनाला उचलावा लागतो, मग इंधन आणि शस्त्रं कमी न्यावी लागतात. थोडं धावून उतारावरून उसळी घेतली तर पंखही भार उचलतात. विमानाच्या खाली वाकून पाहिलं तर आणखी एक तडजोड दिसते: मुख्य चाकं एकामागे एक, सायकलसारखी, आणि तोल सांभाळायला पंखांच्या टोकांना बारकी चाकं. मधली जागा त्या चार तोंडांनी अडवली होती, चाकं नेहमीच्या जागी बसणार कुठं? ११ मे २०१६ रोजी गोव्यातच, नौदलाच्या आयएनएस ‘हंसा’ या तळावर, या विमानांना निरोप दिला गेला. त्यांच्या जागी आलेलं मिग-२९के पुन्हा आकड्यानं आणि तारांनी उतरतं. म्हणजे सी हॅरियरनं सोडवलेला प्रश्न पुढच्या पिढीनं तिच्या पद्धतीनं सोडवलाच नाही. प्रगती एका रेषेत जाते असं मानणाऱ्यांनी या दोन विमानांचे तळ जरूर पाहावेत.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं आधी माहीत असेल तरच दिसतं. विमान स्वतः काहीच बोलत नाही, मग मोबाइलवर चित्रफीत पाहून तेच कळत असेल तर नऊशे-हजार किलोमीटर गाडी कशाला हाकायची? आक्षेपाचा पहिला भाग मान्य आहे. विमान मुकं असतं, आणि आपल्याकडचे फलक त्याला वाचा फोडत नाहीत; जायच्या आधी घरी तासभर वाचन केलेलं बरं. दुसरा भाग मात्र टिकत नाही. चित्रफितीत विमान बहुधा उडताना, दुरून आणि त्याच्या देखण्या बाजूनं दिसतं. पोट, सांधे, झडपा, चाकांची कोठारं, कॉकपिटची जेमतेम माणूस कोंबता येईल एवढी रुंदी, या गोष्टी छायाचित्रकाराला नकोशा असतात. शिवाय अंगणातली विमानं वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात उभी आहेत. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या कडा, रिव्हेटांच्या ओळी, रंगाचे पोपडे पाहिले की समुद्रावर विमान सांभाळणं म्हणजे काय याचा अंदाज येतो: लढाई वर्षात चार दिवसांची, गंजाशी झटापट उरलेले सगळे दिवस. चौकात बसवलेल्या विमानांना दर काही वर्षांनी चकचकीत रंग फासतात तेव्हा याच खुणा बुजतात. तो उत्साह थोडा आवरता घेतलेला बरा.

आता ओझरकडे वळू, कारण खानदेशातून निघालेल्या माणसाला गोव्याआधी तेच लागतं. १९६२ च्या चीन युद्धाच्या आधीच, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला होता. युद्धानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीत त्या पदावर गेले, १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले, आणि १९६४ मध्ये ओझरला कारखाना उभा राहू लागला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला अशी कामाची वाटणी झाली. ओझरला आधी एफएल, मग एम, मग बिस अशा मिग-२१ च्या तीन पिढ्या बनल्या, नंतर मिग-२७, त्यानंतर सुखोई-३०. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बनलेल्या तेजस मार्क-१ए नं तिथूनच पहिलं उड्डाण केलं. त्याच्या तीनच आठवडे आधी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं होतं. १९६३ मध्ये ते वायुसेनेत दाखल झालं तेही चंडीगडलाच.

मिग-२१ हे अडचणींच्या वाचनासाठी सगळ्यात चांगलं पुस्तक आहे. दिल्लीत पालमला, चंडीगडच्या वारसा केंद्रात किंवा बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या संग्रहालयात ते पाहावं आणि जमल्यास एफएल आणि बिस या दोन पिढ्यांची पाठ ताडून पाहावी. एफएलची पाठ सडपातळ, बिसची कुबड आल्यासारखी जाड. मूळ विमान एका मोजक्या कामासाठी आखलेलं: शत्रूचं बॉम्बफेकी विमान येताना दिसलं की झपाट्यानं चढायचं, जमिनीवरच्या रडारच्या सांगण्यानुसार त्याला गाठायचं, पाडायचं आणि लगेच परतायचं. वेगासाठी पंख इतके पातळ की त्यांत इंधन फारसं मावत नाही. म्हणून इंधन धडात, आणि आकाशात टिकण्याची वेळ तासाच्या आत. मग त्याच विमानाकडून आणखी कामं हवीशी वाटू लागली आणि पाठीवर कुबड चढलं. एफएलला बसवलेली तोफही नव्हती. क्षेपणास्त्रांच्या युगात तोफ कशाला, अशी त्या काळची समजूत. अनुभव उलटा आला, म्हणून पोटाखाली तोफेची पेटी लटकवावी लागली आणि पुढच्या पिढ्यांत तोफ अंगातच बसवली गेली. बॉम्बफेकी विमानं रोखण्यासाठी जन्मलेल्या या यंत्रानं १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या राज्यपाल भवनावर रॉकेटं डागली. कागदावर जे काम त्याचं नव्हतंच, तेच त्याचं सगळ्यात गाजलेलं काम ठरलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: अशी संग्रहालयं युद्धाचं उदात्तीकरण करतात आणि मुलांना बंदुकीची गोडी लावतात. संग्रहालयात सध्या जसं मांडलं जातं ते पाहता हा आक्षेप निम्मा खरा आहे. तिथं उभं असलेलं विमान म्हणजे मुळात न पडलेलं विमान. जी कोसळली ती भंगारात गेली, त्यांच्यासाठी चौथरा नाही. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार ताफ्यात आलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत सापडली होती आणि १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक त्यांत दगावले होते. हे आकडे सगळ्या जातींच्या मिगचे मिळून आणि चार दशकांचे आहेत, हे लक्षात ठेवूनही ते भयंकर आहेत. ‘उडत्या शवपेट्या’ हा शब्द यातूनच रूढ झाला. पण त्या शब्दानं सगळा दोष यंत्रावर टाकून आपण मोकळे होतो, आणि इथंच अडचणींचं वाचन उपयोगी पडतं. मिग-२१ चा छोटा त्रिकोणी पंख पाहा. एवढ्या पंखावर विमान हळू उडूच शकत नाही, त्यामुळे ते ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं उतरतं. नाकाच्या लांब नळकांड्यामुळे समोरचं नीट दिसत नाही आणि चुकीला सवड उरत नाही. असं विमान नवशिक्याच्या हाती द्यायचं तर मधली एक पायरी हवी. ती सुचवणारी ला फाँतेन समिती १९८२ ची. प्रशिक्षणाच्या हॉक जेटचा करार झाला २००४ मध्ये आणि ती विमानं सेवेत आली २००८ मध्ये. सव्वीस वर्षं! पंखाच्या आकारातली अडचण अभियंत्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. तिच्यासाठी पायरी बांधायला फायलींना दोन पिढ्यांचे वैमानिक लागले. मिगच्या फलकावर या तीन सनांची ओळ असेल तर त्या संग्रहालयावर उदात्तीकरणाचा आरोप कुणी करणार नाही. संग्रहालयं बंद करणं हा त्या आक्षेपावरचा उपाय होत नाही, फलक बदलणं होतो.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि महाराष्ट्राला त्याचा कडू अनुभव आहे. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ‘विक्रांत’ २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोक पाहत होते. २०१२ मध्ये ती धोकादायक म्हणून बंद झाली, २०१४ मध्ये सुमारे साठ कोटी रुपयांना भंगारात निघाली आणि दारूखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादापासून बजाजनं मोटरसायकली काढल्या आणि त्या खपल्याही. पण मोटरसायकलच्या टाकीवर कॅटापल्ट दिसत नाही, उद्‌वाहकाची मापं दिसत नाहीत. सी हॉकचे पंख का मिटतात हे समजून घेण्यासाठी जी जागा हवी होती तीच गेली. तरीही ‘विक्रांत’ राखायलाच हवी होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पाण्यात तरंगणारं दोनशे मीटरचं पोलाद सांभाळणं हा न संपणारा खर्च आहे, आणि शाळा-दवाखान्यांची गरज असलेल्या राज्यात त्याची किंमत विचारणं गैर नाही. विमानाचं गणित वेगळं. ते छपराखाली मावतं आणि एक चांगली शेड पुष्कळ वर्षं पुरते. विशाखापट्टणमनं तर टीयू-१४२ सारखं अजस्र विमान किनाऱ्याच्या रस्त्यावर आणून २०१७ मध्ये लोकांना आतून पाहायला खुलं केलं.

आणखी एका गोष्टीबद्दल खानदेशच्या माणसानं चिकित्सक असायला हवं. १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती आलेल्या या मुलखात जेम्स आउट्रमनं १८२५ मध्ये खानदेश भिल्ल कोअर उभारली, तिचं ठाणं धरणगाव. त्या पलटणीची आठवण आज कशातून मिळते? मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अहवालांतून आणि गॅझेटियरमधून. आउट्रमचं नाव पुस्तकात आहे; त्याच्या हाताखाली कवायत शिकलेल्या भिल्ल शिपायाचं मत, त्याची अडचण, त्याला मिळालेली वस्तू आपल्यापर्यंत फारशी पोचलेली नाही. विमानांच्या बाबतीतही तोच पंक्तिप्रपंच चालू आहे. फलकावर वैमानिक असतो, स्क्वॉड्रन असते, कधी कंपनीचं नाव असतं. फिटर नसतो, जोडारी नसतो, सोव्हिएत आराखड्यांवरून माप काढणारा आरेखक नसतो. ओझरच्या कारखान्यात नाशिक-खानदेशातून आयटीआय करून गेलेली मुलं होती. मिग-२१ चा प्रत्येक पत्रा त्यांच्यासारख्यांच्या हाताखालून गेला. कोणता भाग ठरलेल्या मापात बसत नसे, कोणत्या सांध्याला हात पोचत नसे, एफएलवरून बिसवर जाताना काय नव्यानं शिकावं लागलं, हे फक्त त्यांनाच सांगता येईल. १९६४ मध्ये विशीत कामाला लागलेला कामगार आज ऐंशीच्या पुढे आहे. ओझरच्या आसपास मिग-२१ पाहायला ठेवायचं तर त्याच्या शेजारी ते जोडायला वापरलेले साचे, मोजमापाची हत्यारं आणि या माणसांचं ध्वनिमुद्रित बोलणं ठेवावं. साचे आणखी दहा वर्षं गोदामात थांबू शकतील. ध्वनिमुद्रणाचं काम मात्र येत्या दोन-तीन वर्षांतच उरकावं लागेल.